सबनीसांना पटत नाही

सबनीस कंपनीच्या गाडीत बसण्याआधी सीटखाली वाकून बघतात. काय बघता, असं विचारलं की म्हणतात, "तुला कशाला पंचायत?"

दुबईतल्या आमच्या लॅबमध्ये ते मला सीनियर. गाठींच्या नमुन्यांतल्या टी पेशींचे जीन तपासणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या स्वभावाला याहून योग्य काम जगात नसेल. टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. शत्रू ओळखणारा रिसेप्टर घडवताना प्रत्येक पेशी जीनच्या साठ्यातून आपापले तुकडे निवडून जोडते. त्यामुळे निरोगी नमुन्यात जोडण्या नाना तऱ्हेच्या निघतात. सगळीकडे एकच जोडणी दिसली, तर मात्र एकाच पेशीची पिलावळ माजल्याचा, म्हणजे कॅन्सरचा संशय.

सबनीसांनी हाच नियम माणसांनाही लावला. मॅचच्या दिवशी आम्ही तिघांनी ताप आल्याचं कळवलं, तर म्हणाले, "तिघांनाही तापच? एकाला तरी जुलाब व्हायला हवे होते!"

पेशींवरही त्यांचा भरवसा नाही. टी पेशी बहुतेक अल्फा-बीटा जातीच्या, थोड्या गॅमा-डेल्टा. "डेल्टाचे तुकडे अल्फाच्याच जागेत राहतात बघ, देरा भागात दुसऱ्याच्या खोलीत नुसती बेडस्पेस, म्हणजे एक खाट, भाड्यानं घेतल्यासारखे. अल्फाची जोडणी सुरू झाली की खलास, सामानासकट बाहेर! भाडेकरूनं सावध असावं." लगेच त्यांनी अजमानमधल्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटचं कुलूप बदललं.

अशात सुलभावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मानेला गाठ आली. नमुना आमच्याकडेच आला. घरच्या माणसाची टेस्ट करायची नाही हा लॅबचा नियम, म्हणून ती मी केली. सबनीस माझ्या मानेवर श्वास सोडत उभे.

"ट्यूब बदलली नाहीस ना? पडताळणीचा कंट्रोल नमुना बरोबर चालला?"

ग्राफ आला. एकच उंच सुळका कुठेच नाही, नुसत्या बुटक्या टेकड्या. सगळ्या जोडण्या वेगवेगळ्या. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांशी ताडून पाहिलं आणि सही केली. गाठ साधी होती.

"परत लाव," सबनीस म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?"

ते खुर्चीत बसले. "सवय नाही रे," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी घरी फोन लावला आणि माझ्या हातात कोंबला. "तूच सांग हिला. मी बोललो तर तिला वाटेल, धीर द्यायला थापा मारतोय."

मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच पढवलंय ना तुम्हाला?"

"नाही वहिनी, शप्पथ. टेस्ट मीच केलीय."

"मग ते का बोलत नाहीत?"

सबनीस फ्रीजकडे तोंड करून उभे होते. पाठ हलत होती.

"मशीन बंद करतायत," मी म्हणालो.

"बरं. त्यांना सांगा, मी रडत नाहीये."

मी निरोप जसाच्या तसा दिला.

"खोटं बोलतेय," सबनीस म्हणाले, आणि फोनसाठी हात पुढे केला.