माळकोंडच्या डीपीतला कौल

ज्या वाडीत माणूस राहत नाही, तिथे रोज अकरा ते एक चार किलोवॅट वीज जळत होती. असं दीप्तीचा लॅपटॉप म्हणत होता.

वाडी म्हणजे वरचा माळकोंड, पोलादपूरच्या डोंगरातला. चार वर्षांपूर्वी पावसात डोंगराला भेग पडली, तेव्हा माणसं, गुरं आणि वाघजाई देवीसुद्धा खाली रस्त्यालगतच्या नव्या वसाहतीत आली. वर उरली बंद घरं आणि एक चालू डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्स्फॉर्मर. चालू अशासाठी, की ती तोडायचा कागद कुणी काढलाच नव्हता. मीटर वाचणारा खाली रस्त्यावरूनच दर महिन्याला ‘घर बंद’ लिहून मोकळा व्हायचा. चढ चढायला त्याला काय वेड लागलं होतं?

दीप्ती साळवी महाडच्या वीज कचेरीत नवी अभियंता. नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि ती पक्की होणार होती गुरुवारी, साहेबांना हिशेब दाखवल्यावर. तिने बेचाळीस ट्रान्स्फॉर्मर कॉम्प्युटरमध्ये बसवले होते. कोणाचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायची कळ, एक ते पाचपैकी कुठल्या आकड्यावर ठेवला की सगळीकडे व्होल्टेज नीट राहील, हे कॉम्प्युटर शोधून काढायचा. पुस्तकात वीजप्रवाहाचा कोन फिरवणारे ट्रान्स्फॉर्मरही होते. ते पोलादपुरात कुठले! त्या रकान्यात तिने शून्य टाकलं. पण वरच्या माळकोंडचा वीजवापर शून्य टाकला की सगळा ताळमेळ कोलमडायचा.

“चंदूदादा, वर कोण राहतं?” तिने लाइनमनला विचारलं.

“कोन नाय मॅडम. चिटपाखरू नाय.” चंदूने इकडंतिकडं पाहिलं. “पन गुराखी सांगतात, भर दुपारी घरघर येते. धुक्यात कोनतरी पांढरं फिरतं. तुम्ही आपलं शून्य लिवा न् मोकळ्या व्हा.”

“आणि गुरुवारी साहेबांनी विचारलं तर?”

“मग भूत लिवा.”

दीप्ती हट्टी होती. मंगळवारी अकरा वाजता दोघं डोंगर चढत होते. धुकं इतकं, की पुढे चालणाऱ्या चंदूची फक्त पिवळी टोपी दिसत होती. वाडीत शिरल्यावर पावलांचासुद्धा आवाज येईना. अंगणांत गुडघाभर गवत, दारांना गंजलेली कुलपं. एका ओट्यावर कुणाची तरी चप्पल उरली होती, एकच. दीप्तीला उगाचच वाटलं, की बंद खिडक्यांमागून कुणीतरी बघतंय.

आणि घरघर सुरू झाली.

“मॅडम, परत फिरू,” चंदू कुजबुजला.

शेवटच्या घरात दिवा जळत होता. चांगला लख्ख. दार करकरलं आणि धुक्यात एक बाई उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, लुगडंही पांढरं.

“आई गो वाघजाई!” चंदू किंचाळून मटकन खाली बसला.

“कोन रे बोंबलतंय?” पांढरी बाई म्हणाली. “चंदू हायस काय रे? ऊठ मेल्या, चिखलात बसलास.”

ती सोनाबाई गुरव होती आणि अंगावर होतं ते तांदळाचं पीठ. नवरा गेल्यावर गिरणीही तीच चालवायची आणि वाघजाईची पूजाही तीच करायची.

“अहो आजी, गिरणी इथे? वसाहतीत का नाही?” दीप्तीने विचारलं.

“खाली फिरतच नाय गो बाय. बल्ब नुसता लाल. मोटर गुरगुरते न् बसते. अख्ख्या वसाहतीचं दळान डोक्यावरून हितं आणते मी. हितं डीपी माझ्या एकटीची. बघ कशी पळते!”

“पण खालचं व्होल्टेज उत्तम आहे! गेल्या महिन्यात टॅप एकवर टाकलाय. फॉर्मवर लिहिलंय तसं. हो ना, चंदूदादा?”

चंदू चिखल झटकण्यात गुंग होता.

“चंदूदादा?”

“गेलो होतो मॅडम, शप्पत! पन देवीला न विचारता हात कसा लावायचा?”

हेही खरंच होतं. वसाहतीत देऊळ व्हायचं होतं, ते व्हायचंच राहिलं. गुरांपासून राखलेली जागा एकच, डीपीचं तारेचं कुंपण. त्यामुळे वाघजाईचा पाषाण ट्रान्स्फॉर्मरच्या पायाशी बसवला होता.

“सोनाआजीने कौल लावला. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. मी विचारलं, एकवर फिरवू काय? डावं पडलं. तीनदा डावंच! मग तीनवरच ठेवला.”

“आणि फॉर्मवर एक का लिहिलंत?”

“तुमचा कागद एकचा होता ना. तिचं पन मन राखायला पायजे, तुमचं पन.”

दीप्तीला रडू यायचं बाकी होतं. तीन महिन्यांचं काम, परवा गुरुवार, आणि आकडे चालवतंय एक जास्वंदीचं फूल!

“रडतेस काय गो?” सोनाबाई म्हणाली. “देवी तीनदा नाय म्हनली म्हंजे काय तरी असंल. तुझं गणित परत बघ की.”

आपलंच बरोबर आहे हे दाखवायला दीप्ती तणतणत वरच्या डीपीपाशी गेली. दोन्ही डीपी एकाच बनावटीच्या. पाटी पुसून वाचली. टॅप एक म्हणजे वीज येते त्या बाजूला तारेचे सगळ्यात जास्त वेढे. म्हणजे घरांकडे जाणारं व्होल्टेज सगळ्यात कमी.

ती तशीच उभी राहिली. तिने वेढ्यांचा भागाकारच उलटा मांडला होता. बाकीचे एक्केचाळीस टॅप मधोमध तीनवर, तिथे उलटं-सुलटं सारखंच, म्हणून चूक दिसली नव्हती. चंदूने तिचं ऐकलं असतं, तर वसाहतीत होता तो लाल बल्बही विझला असता.

दुरुस्त केल्यावर सोबत आणलेला लॅपटॉप म्हणाला, पाच.

खाली येऊन चंदूने वीज बंद केली, पण हात मागे बांधून उभा राहिला. सोनाबाईने पाण्यात बुडवून दोन फुलं पाषाणाला चिकटवली. दीप्तीने विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात उजवं फूल टपकन पडलं.

“अजून विचारलं कुठे?” ती पुटपुटली.

“तिला काय सांगायला लागतंय?” सोनाबाई म्हणाली. चंदूने टॅप पाचवर फिरवला आणि संध्याकाळी वसाहतीतले बल्ब पांढरे पेटले.

गुरुवारी साहेबांनी सगळे आकडे तपासले. पडताळा बरोबर जुळत होता.

“माळकोंड वसाहतीचा टॅप आधी एक सुचवला होता. चूक कोणी पकडली?”

“तिथल्या एक ज्येष्ठ बाई आहेत, सर.”

“तांत्रिक अनुभव आहे त्यांना?”

दीप्ती म्हणाली, “चार वर्षं डीपीच्या कुंपणातच आहेत, सर.”

“वा! मग बाकीचे एक्केचाळीसही त्यांच्याकडून तपासून घ्या.” साहेबांनी सहीसाठी शेवटचं पान उलटलं आणि थबकले. सहीच्या रेघेवर जास्वंदीची एक पाकळी चिकटली होती. ओली. “हे काय?”

फाईल दीप्तीने सकाळीच नवी आणली होती. दारात चंदूने हात जोडले.

खोलीतला पंखा बंद होता. पाकळी आपोआप सुटली आणि उजवीकडे पडली.

साहेबांनी सही केली.