कमीलच्या मंडळाला सुलेखाचा पाठिंबा

सुलेखा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा कुंपणापलीकडून कमीलनं हाक मारली. कमील मूळची अमेरिकेतल्या बाल्टिमोरची, डब्लिनजवळच्या लिक्सलिपमधल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. २०२०च्या फेब्रुवारीत ती मुलाला घेऊन क्लोनडॉकिनला सुलेखाच्या शेजारी राहायला आली आणि पुढच्याच महिन्यात सगळा देश घरात कोंडला गेला. त्यामुळे दीड वर्षाच्या शेजारात दोघींच्या गप्पा हवापाण्यापुढे गेल्या नव्हत्या.

"शनिवारी मोकळी आहेस? समोरच्या हिरवळीवर माझ्या ग्रुपची पहिली मीटिंग आहे. एए मॉम्स. मुलंही येणार."

"एए?" सुलेखाच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"हो. लॉकडाऊनमध्ये कळलं, हे एकटीनं नाही निभत. शोधल्यावर माझ्यासारख्या आणखी काही जणी निघाल्या. आधी विचारायचा धीरच होत नव्हता."

"फार मोठं काम करते आहेस तू," सुलेखा कुंपणापाशी येऊन म्हणाली.

कमीलला हे कौतुक जरा जास्तच वाटलं असावं, पण ती हसून आत गेली.

सुलेखानं ओले कपडे तसेच टाकले आणि घरात येऊन नवऱ्याला गाठलं.

"एए म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली की येतात ते ना?" गुरुनाथ लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"दारू सोडणाऱ्यांची एए रे! तरीच ती सारखी रिकाम्या बाटल्या टाकायला जाते."

"आपणही जातो."

"आपल्या लोणच्याच्या असतात!"

"तिच्या कसल्या असतात, विचार की तिलाच."

"असं विचारतात का कुणाला? तिला काय वाटेल?"

म्हणून तिनं मृणालिनीला फोन केला. मृणालिनी टॅलाच्या हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर होती. पण परदेशातल्या मराठी माणसांत एकाच डॉक्टरला सगळे अवयव सांभाळावे लागतात. "माझ्या एका शेजारणीला दारूचा प्रॉब्लेम आहे गं," सुलेखा म्हणाली. मृणालिनीनं सल्ला दिला, "विषय काढू नकोस. नुसता पाठिंबा दाखव."

पाठिंब्याची सुरुवात समोरच्या न्यूलापासून झाली. न्यूला साठीची, एकटी राहणारी, भेटली की अर्धा तास सोडत नसे. सुलेखानं तिला फाटकापाशी गाठून शपथ घातली आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "देवाची कृपा, आपल्यावर ती वेळ आली नाही!"

"ग्रँड," न्यूला 'बरं' म्हणावं तसं म्हणाली आणि चक्क दार लावून आत गेली.

न्यूलानं कुणालाही सांगितलं नाही. ते काम सुलेखानंच केलं. रस्त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं लिहिलं, "शनिवारी हिरवळीवर कृपया कुणी बिअर-वाइन आणू नये. एका धाडसी शेजारणीसाठी." नाव लिहिलं नव्हतं, आणि कमीलला त्या ग्रुपवर कुणी घेतलंच नव्हतं. पण शनिवारी हिरवळीवर एकाच शेजारणीचा कार्यक्रम होता.

दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. कोपऱ्यावरच्या माणसानं कमीलला पाहून हातातला बिअरचा कॅन शाळकरी पोरासारखा पाठीमागे लपवला. टॅक्सी चालवणाऱ्या एका शेजाऱ्यानं काच खाली करून, शाबासकी द्यावी तसं, तिला "फेअर प्ले टू यू!" म्हटलं. कुणीतरी दारात चहाची खोकी ठेवून गेलं. कमीलला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपण या रस्त्याच्या झालो.

शनिवारी ऊन पडलं. डब्लिनमधून, किलडेअरमधून, एक तर थेट ड्रॉहेडाहून, चार जणी मुलांना घेऊन आल्या. कमीलनं कॉर्नब्रेड भाजला होता. एका चादरीवर कंगवे, केसांचं तेल आणि वेण्यांत ओवायचे मणी मांडले होते. मुलं पहिल्या पाच मिनिटांतच एकमेकांच्या अंगावर लोळायला लागली. हिरवळीच्या कडेला शेजारी चहाचे थर्मास घेऊन आदरानं उभे होते. न्यूला घरून घडीची खुर्ची घेऊन आली होती.

सुलेखा करंज्यांचा डबा घेऊन पुढे झाली. सोबत गुरुनाथ आणि नऊ वर्षांची सानिका होती. खरं तर डबा देऊन तिनं मागे फिरायला हवं होतं. पण तिनं टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"कमील," ती इंग्रजीत म्हणाली, "आज तू सगळ्यांसमोर आलीस, याला फार मोठं काळीज लागतं. एकेक दिवस करत तू दारूपासून दूर राहशील. हा सगळा रस्ता तुझ्या पाठीशी आहे!"

कडेच्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चादरीवरच्या बायकांनी वाजवल्या नाहीत.

"कुठली दारू?" कमीलनं विचारलं.

"म्हणजे... तूच म्हणालीस ना. एए."

"आफ्रिकन-अमेरिकन," कमील लहान मुलाला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. "आफ्रिकन-अमेरिकन मॉम्स."

टाळ्या एकेक करत थांबल्या. किलडेअरहून आलेल्या बाईनं तोंड फिरवलं. ती हसत होती की नाही, ते कळलं नाही. कमीलचा मुलगा इलायजा खेळ सोडून आला आणि आईला बिलगून म्हणाला, "मॉम, तू आजारी आहेस?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुलेखाला झालं. धरणीनं काहीच केलं नाही. डबा तेवढा हातात जड होत गेला.

"दीड वर्षात मला कुणी चहा पाठवला नव्हता," कमील म्हणाली. "या आठवड्यात आला. मला वाटलं..." तिनं इलायजाच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या मुलांना आपल्यासारखं कुणीतरी दिसावं, म्हणून हा ग्रुप काढला. बस. सुलेखा, तू भिंतीला भिंत लावून राहतेस. विचारायचंस ना मला."

डबा चादरीवर ठेवून सुलेखा घरी निघाली. गुरुनाथ "मी सांगितलं होतं" असं म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं. दारापाशी आल्यावर सानिकानं, इथल्या मुलांसारखी आईला 'मॅम' म्हणत, तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, "मॅम, न्यूला 'एए' म्हणाली असती, तर तुला काय वाटलं असतं?"

"गाडी बंद पडली असेल," सुलेखा म्हणाली. बोलून गेली आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तिनं मुलीकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी ती माफी मागायला गेली. कमील दारातच उभी राहिली. "मला कळलं, तुझ्या मनात वाईट नव्हतं," ती म्हणाली. "पण आज मला चिडू दे."

सुलेखा मान हलवून वळली, तर मागे न्यूला उभी. तिचे हात कोटाच्या खिशात होते.

"ती दुसरी एए," न्यूला म्हणाली, "ती कुठे भरते, माहीत आहे का गं? तू सांगून गेलीस त्या दिवसापासून मी थेंबभरही घेतलेली नाही. वाटलं, दारातच मीटिंग आहे, खुर्ची टाकून मागे बसावं. कुणाला कळणारही नाही. मग तू भाषण केलंस."

मग कमीलनं सुलेखाकडे बोट केलं.

"ही नेईल तुला. आणि ही कुणाला सांगणार नाही."

ती विनंती नव्हती.

करंज्यांचा डबा सोमवारी परत आला, घासलेला आणि रिकामा. मंगळवारी सुलेखा न्यूलाला घेऊन टॅलाला गेली. तिथल्या एका हॉलमध्ये या मीटिंगा नुकत्याच पुन्हा समोरासमोर सुरू झाल्या होत्या. न्यूला काही गाडीतून उतरेना. "दार हेच का, ते आधी बघून ये," म्हणाली. सुलेखा मास्क लावून आत गेली, चौकशी करून आली आणि न्यूलाला धरून दारापर्यंत सोडून गाडीत येऊन बसली.

तासाभरानं फोन वाजला. मृणालिनी होती.

"सुलेखा, ड्यूटीवरून घरी जात होते. सिग्नलला थांबले होते, तेव्हा तुला त्या एएच्या हॉलमध्ये शिरताना पाहिलं. मी काही विचारणार नाही. त्या दिवशी तू 'एक शेजारीण' म्हणालीस ना, तेव्हाच मला जरा शंका आली होती."

"अगं, ती मी..."

"काही बोलू नकोस. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

"सगळे म्हणजे?"

"आपल्या मराठी मंडळातल्या चौघी-पाचजणी फक्त. विश्वासातल्याच आहेत."

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. न्यूला आत बसली. तिचे डोळे लाल होते आणि कोटावर बिस्किटाचा चुरा पडला होता. तिनं पट्टा लावला, सुलेखाच्या हातावर हात ठेवला आणि समोर बघत राहिली.

सुलेखानं उघडलेलं तोंड मिटलं.

"थँक यू, मृणालिनी," ती म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.