पाय टेकायचा नाही

मोटरसायकल ट्रायल्स, म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत गाडी नेण्याचा खेळ, शिकण्यात श्रीपादरावांचा फायदा एकच होता. खालच्या मजल्यावरच्या हरेशचं तोंड बंद होणार होतं. अंबरनाथच्या कारखान्यातले हे अधिकारी ट्रॅफिकमध्ये बदकासारखे दोन्ही पाय टेकत कसे जातात, ते हरेशने सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालून दाखवलं होतं. त्यावर श्रीपादरावांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी बदलापूरला या. दगडावरून गाडी नेतो, पाय न टेकता."

शिकवणारी पायल त्यांच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने इंजिन बंद करायला लावलं.

"काका, फूटरेस्टवर उभे राहा. हँडल एका बाजूला, पुढचा ब्रेक दाबून धरा, नजर लांब. पाय टेकला की एक पॉइंट दंड."

"आणि चालवायची कधी?"

"आधी थांबायला तर शिका."

सराव घरच्या पार्किंगमध्ये. बायकोने, म्हणजे वृंदाबाईंनी, मागचं कॅरिअर धरायचं आणि तोल आला की सोडायचं, असं ठरलं. शेजारीच हरेशची नवी कोरी कार उभी असे.

"सोडलंस?"

"कधीच."

वृंदाबाईंनी सोडलेलं नसे. एका हातात कॅरिअर, दुसऱ्या हातात बहिणीचा फोन, डोळा हरेशच्या कारवर. श्रीपादराव पुतळ्यासारखे उभे. गुरुवारपर्यंत त्यांची खात्री पटली की तोल आपल्या अंगातच आहे, आणि त्यांनी पायलचे उरलेले क्लास बुडवले.

रविवारी हरेश अर्धी सोसायटी घेऊन आला, वेफर्ससकट.

"काका, पहिले नुसतं उभं राहून दाखवा," पायल म्हणाली.

श्रीपादराव फूटरेस्टवर चढले. हँडल वळवलं, ब्रेक दाबला, नजर डोंगराला लावली आणि सवयीने विचारलं, "सोडलंस?"

"अहो, मी इकडे आहे," हरेशच्या पुड्यात हात घालत वृंदाबाई म्हणाल्या.

बंद गाडी सावकाश आडवी झाली. दगड लांबच राहिला, घोटा तेवढा खाली सापडला.

"मानलं साहेब," त्यांना आपल्या कारमध्ये घालताना हरेश म्हणाला, "पाय नाय टेकला तुम्ही. डायरेक्ट अंग टेकलं."

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकायचा नाही."

आता बाथरूमच्या दारात त्यांचा दंड धरून वृंदाबाई रोज विचारतात, "सोडू का?"

"नको गं."

पायलच्या नियमाप्रमाणे श्रीपादरावांचा दंड शून्य. चहापासून रिमोटपर्यंतच्या सगळ्या खेपांचा दंड वृंदाबाईंचे पाय भरतात.