साडेचारचा भुरका

आमच्या जामसंड्यात दुपारचे साडेचार वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. इब्राहिमचाचांच्या पडवीतून भुरका ऐकू येतो. साधासुधा भुरका नव्हे. सायकलच्या पंपाचा वॉशर सुटावा तसा ओढलेला, लांबलचक, आणि शेवटी शिट्टी फुटणारा. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने गॅस गळतोय समजून धावत जाऊन सिलिंडर बंद केला होता. मी भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे मी माझी कामंच भुरक्याला बांधून टाकली आहेत. भुरक्याआधी वाळलेले कपडे आत, भुरक्यानंतर दळण.

हा भुरका चाचा मुंबईत शिकले. चाळीस वर्षं त्यांनी एका चहाच्या पेढीत चव घेण्याची नोकरी केली. लांबच्या लांब टेबल, त्यावर ओळीने पांढरे कप. चमच्याने घोट उचलायचा, भुरका मारायचा, तस्तात थुंकायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. आयुष्यभर चहा थुंकण्याचा पगार घेतलेला आमच्या तालुक्यातला हा एकमेव माणूस.

"भुरको कित्याक व्हयो तां सांगतंय," ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. "चाय जिभेर लागणा नाय, नाकात लागता. हवा ओढल्याशिवाय ती नाकात चढतली कशी?"

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक कपडे आणि आठ डबे चहा होता. मुलगी बांद्याला दिलेली, घरात दुसरं कोणी नाही. आठ डबे मात्र माणसांसारखे फळीवर रांगेत बसलेले. आसाम, दार्जिलिंग, नीलगिरी, हिरवा, पांढरा, ऊलाँग, लाकडाच्या धुरावर सुकवलेला 'धुराचा' आणि पू-एर. त्यातला पू-एर आंबवून, दाबून, वर्षानुवर्षं मुरवलेला. माळ्यावरच्या ओल्या पोत्यासारखा वास. चाचा त्याला 'सरपंच' म्हणतात. "जितको जुनो, तितको भाव खाता."

मी एकदा विचारलं, ही आठ झाडं वेगवेगळी कशी दिसतात? चाचांनी कपाळावर हात मारून घेतला.

"झाड एकच गो सुनंदा! तुमच्या परड्यात आंबो एक. त्याच्या कैरीचां लोणचां घालतंस, पिकल्यार साठां घालतंस. आंबो बदलता काय? तसांच हां. कोवळो डीर, म्हणजे कोंब, नुसतो सुकवलो तर पांढरी. वाफ दिली तर हिरवी. अर्धी आंबवली तर ऊलाँग, पुरी आंबवली तर काळी."

माणसांनाही ते याच फळीवर बसवतात. माझा नवरा म्हणजे दोऱ्याची पिशवी. "दुसऱ्यान दोरी ओढल्याशिवाय रंग सोडणा नाय." पोस्टमन ऊलाँग, कारण धड हिरवा नाही, धड काळा नाही. आणि मी नीलगिरी. मला आनंद झाला होता. मग त्यांनी पुढचं सांगितलं. "साफ, सरळ, टायमार येता, टायमार जाता. पण मागसून आठवणा नाय."

याला कारण होतं. चाचा रोज कोणाला ना कोणाला पडवीत ओढून कप हातात देतात आणि डोळे मिटून विचारतात, "कशी लागता?" समोरच्याने काही सांगितलं की म्हणतात, "आणि?" पुन्हा काही सांगितलं की पुन्हा, "आणि?" ही तोंडी परीक्षा गावाच्या अंगवळणी पडली होती. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. मला मोजता येतं, क्रम लावता येतो, चव सांगता येत नाही. मी प्रत्येक कपाला "बरी आसा" म्हणत असे.

"बरी? तापातसून उठलेलो माणूस बरो आसता! चाय कशी लागता?"

"बरीच आसा, चाचा."

मग ते हताश होऊन कप परत घेत.

चाचांचं वैर एकाच वस्तूशी. दूध. नाक्यावरच्या सदाच्या टपरीत आलं, साखर, गवती चहाची पात आणि दूध घालून तासभर उकळलेला चहा मिळतो. अख्खं गाव तो पितं. चाचा टपरीसमोरून जाताना टोपी काढून उभे राहतात, मयतासमोर राहावं तसे.

एक दिवस सदा भडकला. "चाचानु, काय ह्यां रोजचां? मेलां कोण?"

"चाय मेली रे. तुझ्या खिरीत बुडान मेली बिचारी."

टपरीवर दहाबाराजण होते. सगळे हसले, म्हणजे सदाला बोलणं भाग पडलं. "तुमची जीभ येवडी तिखट आसा तर डोळे बांधून वळखा. सहा कप. रविवारी, शाळेच्या हॉलात. एक जरी चुकलो, तर आयुष्यभर रोज हय येवन माझी खीर पिवची. उभ्यान. आणि सगळ्यांसमोर 'बेस झाली' म्हणाचां."

"आणि बरोबर इलां तर?"

"तर रोज एक टोप बिनदुधाची करतलंय. आईशप्पत!"

चाचांनी हातातली टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. हे मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मग म्हणाले, "चलात."

अशा वेळी गाव माझ्याकडेच येतं. मी लगेच कागद घेतला. हॉलची किल्ली, पाणी तापवायला बंब, सहा कप, डोळ्यांना बांधायला पंचा, नियम एक ते सहा. नियम चार असा की चाचांच्या आठ डब्यांतले कुठलेही सहा चहा सदाने स्वतः ओतायचे आणि कुठल्या कपात काय ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचं. मलाही कळता कामा नये. काम चोख असावं.

आता माझी चूक सांगते. पावसाळ्यात डब्यांवरची लेबलं ओल येऊन सुटली होती. मी गुरुवारी सगळे डबे घरी आणले, पुसले आणि शाळेच्या प्रिंटरवर छान ठळक अक्षरात लेबलं काढून लावली. ती लावता लावता कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. कामं एका वेळी दोन केली की वेळ वाचतो, असं माझं मत आहे. होतं.

संध्याकाळी डबे परत फळीवर लावले. साडेचार वाजून गेलेच होते. चाचांनी 'आसाम' लिहिलेला डबा उघडला, पाणी ओतलं, आणि पडवीत असा वास सुटला की समोरच्या घरातलं मांजर उठून आलं. चुलीत सुकी मासळी पडावी तसा. चाचांनी ऐटीत भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "व्वा! ह्यो आसाम! भाजलेल्या नाचण्याचो वास बघ कसो खमंग!"

मला वाटलं, माझं नाक बिघडलं. मी डबा उघडून हुंगला. ठसकाच लागला.

"चाचा, ह्यो धुराचो आसा. लेबल माझ्या हातून चुकलां."

चाचांनी कप खाली ठेवला. मांजर कपाकडे बघत होतं, मी चाचांकडे.

"दोन वर्सां झाली," ते म्हणाले. "ताप इल्लो. ताप गेलो तो नाक घेवन गेलो."

"डॉक्टर?"

"कणकवलीक जावन इलंय. म्हणाले, येयत कदाचित. मी वाट बघतंय."

"पण रोजचो भुरको?"

"तो तुमका ऐकूक. बंद झालो तर सगळी विचारीत येतली, चाचा, काय झालां? मग मी काय सांगू? फळयेर आठ डबे आसत, आणि आठांतय माका नुसतां गरम पाणी?"

तेव्हा मला ती तोंडी परीक्षा समजली. तरी विचारलंच. "म्हणजे तुम्ही रोज लोकांका बोलावून..."

"तुमच्या तोंडान पितंय." ते हसले. "पोस्टमन बरां सांगता. मासळीवाली मुमताज तर भरान सांगता. तू आपली 'बरी आसा'. तुझ्याकडसून माका एक थेंब गावणा नाय."

त्या दोन डब्यांची लेबलं अदलाबदल करून मी घरी आले आणि यादी केली. रविवार टाळण्याची कारणं. एक, दाढदुखी. दोन, मुलीकडे बांद्याला तातडीने जाणं. तीन, हॉलची किल्ली हरवणं. हे तिसरं मी दोनदा खोडून लिहिलं, कारण माझ्याकडून आजवर किल्ली हरवलेली नाही. यादी घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी करून परत दिली.

"ठेव. चायची पुडी बांधूक उपयोगी पडात."

रविवारी हॉल भरला. सदा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चहा ओतला, चिठ्ठी खिशात घातली, खिशाला टाचणी लावली. चाचांचे डोळे मी बांधले. माझ्या पर्समध्ये ती यादी होतीच, शिवाय चौथं कारणही तयार होतं. मी स्वतः चक्कर येऊन पडणार होते.

चाचा उठून उभे राहिले.

"ऐका! जीभ लावन कोणय सांगात. त्यात कसली मोठेपणाची गजाल? मी कपाक हात पण लावचंय नाय. सदान कोणाकय बोलावचां. ज्यान पिलां, त्यान माका सांगाचां, कशी लागता. रंग सांगाचो नाय. तेच्यावरसून मी चाय वळखतलंय!"

हॉलमध्ये अशी आरोळी उठली की बंबाचं झाकण हललं. सदाला वाटलं, म्हातारा आपल्या पायांनी खड्ड्यात चालला. तो खूश होऊन म्हणाला, "चलात! चलात!"

पहिल्या कपाला त्याने मुमताजला बोलावलं. तिने घोट घेतला आणि किंचाळली, "अगो बाय माझे! सुको बांगडो चुलीत पडलो, आणि कोणी काढूक नाय!"

"धुराची," चाचा म्हणाले. सदाने टाचणी काढून चिठ्ठी बघितली, पुन्हा टाचणी लावली.

दुसरा कप एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला. "नाचणो भाजून दळलो काय जात्यातसून जो वास येता... आणि मागसून जिभेक चिमटो."

"आसाम."

तिसरा आमच्या हेडमास्तरांना. ते ऑफिसची मराठी बोलले. "शेवग्याचा पाला उकडून त्याचं पाणी औषध म्हणून द्यावं, तद्वत." चाचा म्हणाले, "मास्तरांनू, गोड बोला. हिरवी." पोस्टमनने चौथा कप पिऊन लोणी आणि भाजलेला काजू सांगितला, चाचांनी 'ऊलाँग' म्हटलं. ऊलाँगला ऊलाँगने ओळखलं, म्हणून मी एकटीच हसले. पाचव्या कपाला सदाच्या बायकोने डोळे मिटले आणि म्हणाली, "सुरंगीच्या फुलांचो वळेसार रात्री केसातसून काढून ठेवलो, आणि सकाळी उशयेक वास रवलो." सदा इतका लाजला की हॉल पाच मिनिटं शांत होईना. चाचा म्हणाले, "दार्जिलिंग. आणि सदा, तुका येवडी बरी बायल कशी गावली रे?"

राहिला सहावा कप. राहिले तीन डबे. सदाने विचार केला आणि आपल्या काकाला बोलावलं. हा माणूस दिवसातून वीस वेळा टपरीचा चहा पितो, अर्धी वाटी साखर घालून. त्याने घोट घेतला, दुसरा घेतला, कपाच्या तळाशी बघितलं.

"गरम पाणी."

"आणि?" चाचांनी विचारलं.

"आणि काय? पाणी. गरम."

पंचाखाली चाचांचा चेहरा तसाच होता, पण उजव्या हाताची बोटं लुंगीची कड चुरगळत होती. सदा खुर्चीवर चढून म्हणाला, "सांगा चाचानु! सांगा!"

मी नियमांचा कागद घेऊन उठले.

"नियम सात," मी वाचून दाखवलं. "पिणाराक सांगूक जमलां नाय, तर संयोजकान पिवचां."

कागदावर सहाच नियम होते. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत मी नसलेली ओळ कधी वाचली नव्हती. पण माझ्या कागदावर कोणी शंका घेत नाही. सदानेही घेतली नाही.

मी कप घेतला. आधी खरंच काही लागलं नाही. मग मला चाचांचं ते 'हवा ओढल्याशिवाय' आठवलं आणि अख्ख्या हॉलसमोर, हेडमास्तरांसमोर, मी भुरका मारला. शिट्टीसकट.

"बरी..." मी सुरुवात केली. चाचांचे खांदे पडले. मी थांबले.

"कोवळां तवसां. वेलारची काकडी," मी म्हटलं. "कापून खाल्लां, संपलां. मग सुरी धुवच्या आधी नाकाकडे नेली, तसो वास."

"आणि?"

"शहाळ्याचां पाणी. पण तान नसताना पिलेलां."

"आणि?"

"आणि सांगूक गेलंय तर जाता, चाचा. गप रवलंय तर परत येता."

चाचांनी लुंगीची कड सोडली. मग हळूच म्हणाले, "पांढरी."

सदाने चिठ्ठी फेकून दिली. पुढचा गोंधळ सांगत बसत नाही. नाक्यापर्यंत मिरवणूक गेली आणि सदाने शब्दाप्रमाणे तिथल्या तिथे बिनदुधाचा टोप चढवला. चाचांनी तो ओलांडून हात पुढे केला. "दे रे तुझी खीर एक कप." प्यायले, उभ्याने, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बेस झाली." सदाचे डोळे भरून आले. त्या घोटातलं त्यांना काय कळलं असेल, ते माझ्याशिवाय तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

परत येताना चाचा वाटेत एकदाच बोलले. "सुरी धुवच्या आधी. ह्यां माका चाळीस वर्सांत सुचूक नाय."

आता मी दळण भुरक्याआधीच उरकते. आमच्या वाडीला अजून साडेचारला भुरका ऐकू येतो. अलीकडे त्याची शिट्टी जरा बारीक झाली आहे, असं पोस्टमन म्हणत होता. होणारच. तो माझा असतो. चाचा समोर बसलेले असतात, रिकाम्या हाताने, डोळे मिटून. मी कप खाली ठेवते, विचार करते, सांगायला लागते. सांगून झालं असं मला वाटतं, तेवढ्यात ते म्हणतात,

"आणि?"