सखारामआप्पा आणि काकूंची गिन्नी

सखारामआप्पांच्या ओट्यावर एक काळा दगड बसवलेला होता आणि घरात येणारं प्रत्येक नाणं त्या दगडावर आपटूनच आत जाई. मी त्यांचा भाडेकरू. पहिल्या महिन्याचं भाडं मी नोटांत दिलं, तर आप्पा लहान मुलासारखे हिरमुसले. "मास्तर, कागद काय बोलतो? चार रुपये तरी बंदे देत जा." पुढच्या महिन्यापासून मी बंदे रुपये आणू लागलो. आप्पा एकेक रुपया दगडावर टाकत, डोळे मिटून ऐकत आणि मान डोलावत. दहा पैशांचं पांढरं नाणं मात्र बाजूला सारत. "हे जन्मालाच मुकं आलं," म्हणत.

शहाऐंशी साली माझी राजूरच्या शाळेत बदली झाली तेव्हा आप्पा सत्तरीला टेकले होते. जालन्याच्या सराफ्यात दुसऱ्याच्या पेढीवर चाळीस वर्षं त्यांनी सोनं पारखलं. स्वतःचं दुकान कधी झालं नाही. गावी परतले तरी कान काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. टरबूज घेताना वाजवतात हे मलाही ठाऊक होतं. आप्पा साबणाची वडीसुद्धा वाजवून घेत.

त्यांचा खरा दरबार भरे तो चतुर्थीला. राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला गाव लोटून येई, आणि त्या गर्दीत हलक्या आवाजात सोन्याच्या म्हणून गिन्न्या विकणारेही येत. 'खोदकामात हंडा सापडला, सरकारला कळायच्या आत स्वस्तात देऊन टाकतो,' ही त्यांची कथा. देवाच्या दारात माणूस लबाडी करत नाही, असं आमच्या लोकांना मनापासून वाटतं. म्हणून सकाळी दर्शन, मग खरेदी आणि त्यानंतर आप्पांचा ओटा, असा क्रम ठरलेला.

एकदा एक जाडजूड पाटील ज्वारीच्या पिशवीत लपवून पाच गिन्न्या घेऊन आले होते. आप्पांनी पहिली तळहातावर तोलली, दगडावर टाकली, मग कसोटीवर घासून रेघ ओढली आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवी फसफसली आणि नाहीशी झाली.

"पितळ," आप्पा म्हणाले.

"आन् बाकीच्या?"

"ह्याच्याच सख्ख्या बहिनी."

"आप्पा, एखादी तरी असली आसंल की हो!"

"पाटील, पितळ बोंबलतं, सोनं बोलतं. ह्या पाची बोंबलून राह्यल्या. चला, पुढचा कोन?"

पाटील मटकन ओट्यावर बसले. मी आप्पांना म्हणालो, जरा हळू तरी सांगायचं. आप्पा म्हणाले, "मास्तर, हळू सांगितल्यानं काय पितळाचं सोनं होतं?"

या पारखीचा ते एक पैसा घेत नसत. खऱ्या नाण्याची रेघ मात्र ते काळ्या मेणाच्या गोळ्यानं टिपून घेत आणि गोळा एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवत. पेढीपासूनचा तो गोळा. रेघेवरचं डोळ्याला न दिसणारं सोनं मेणाला चिकटतं आणि तेवढं पारख्याचं, असा त्या धंद्याचा रिवाज. मी थट्टा करायचो, "आप्पा, या गोळ्यावर माडी बांधणार का?" ते डबी मिटून कनवटीला लावायचे. मला तो म्हाताऱ्याचा चिक्कूपणा वाटे. चुकलं माझं.

आता गयाकाकूंची गिन्नी. काकू म्हणजे आप्पांची बायको, बोलकी आणि हसरी. लोकांच्या शेवया-कुरडया करून पाच वर्षं साठवलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती, आप्पा जालन्याला असताना, एका चतुर्थीला. लाल दोऱ्यात ओवून त्या ती गळ्यात घालत. "जल्मभर लोकाचं सोनं पारखलं ह्यांनी, मला सोन्याचा येक मनी न्हाई केला. मंग मीच आनली," असं म्हणत त्यांनी ती एकदा माझ्या हातावर ठेवली. "ह्यांनी हातात घेतली आन् म्हनले, असली हाये, बिलकुल असली."

दोन वर्षं ओट्यावर बसून मलाही थोडंफार कळायला लागलं होतं. गिन्नी हलकी होती.

मी वर पाहिलं, तर आप्पा माझ्याकडेच पाहत होते. काकू आत गेल्यावर ते म्हणाले, "पाच वर्सं शेवया वळल्या तिनं, मास्तर. ते दगडावर आपटू काय?" मग आतल्या दाराकडे पाहत, "तिला कळता कामा न्हाई. बस."

पुढच्या उन्हाळ्यात काकू अंथरुणाला खिळल्या. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपानासोबत कणभर सोनं ठेवतात. काकूंनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं, "माझ्या तोंडात माझ्या गिन्नीतलंच घाला. ते माझ्या कष्टाचं हाये." आप्पा "बराबर" म्हणाले आणि बाहेर येऊन दगडाजवळ बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी कोणाचं नाणं ऐकलं नाही.

काकू गेल्या त्या सकाळी त्यांचे भाऊ धावड्याहून आले. अंगणात गोतावळा जमलेला. भाऊंनी गिन्नी हातात घेतली आणि म्हणाले, "आना कानस. अक्काची इच्छा हाये." कानस फिरली असती तर सोनेरी मुलाम्याखालचं पितळ चारचौघांत उघडं पडलं असतं.

आप्पांनी गिन्नी त्यांच्या हातातून काढून घेतली. "माझ्या बायकोच्या सोन्याला मी कानस लावीन. मास्तर, तुमी या."

आत जाऊन त्यांनी दार लोटलं आणि पत्र्याची डबी उघडली. मेणाचा गोळा नव्हता. तळाशी मोहरीएवढा एक पिवळा मणी होता. डॉक्टरांनी मान हलवली त्याच दिवशी त्यांनी मेण जाळलं होतं. पेढीपासून आजवर शेकडो लोकांच्या खऱ्या सोन्यावरून टिपलेलं तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"बावनकशी न्हाई," आप्पा पुटपुटले, "हरेक कसाचं मिसळलेलं हाये. पर सोनं हाये."

बाहेर येऊन त्यांनी तो मणी काकूंच्या जिभेवर ठेवला आणि कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या गिन्नीतलंच हाये गं." मला रडू आवरलं नाही.

तेराव्यानंतर आप्पा ओट्यावर बसले होते. लाल दोऱ्यातली गिन्नी हातात होती. मला वाटलं, आता ती दगडावर टाकतील. पण त्यांनी ती मुठीत धरली आणि विचारलं, "मास्तर, तिला कळलं आसंल का हो?"

मला काय ठाऊक! नवऱ्याचा चेहरा बायकोला वाचता येत नाही असं थोडंच आहे? तरी मी म्हणालो, "नाही, आप्पा. बिलकुल नाही."

साबणाची वडीही वाजवून घेणारा तो माणूस माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला. मग त्यांनी मान डोलावली, गिन्नी गळ्यात घातली आणि ते आत गेले.