एक्स्चेंजकाकांना मुलगा नाही

व्याख्यान अगदी रंगात आलं होतं आणि नेमका तेव्हाच एक्स्चेंजकाकांचा फोन वाजला.

काकांनी टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजवर, उभा जन्म काढला होता. त्यामुळे फोन या विषयातलं आपल्याशिवाय कोणाला काही कळतं, हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीला शहाणं करायचं मनावर घेतलं. तळमजल्यावर एरवी सायकली ठेवतात ती खोली झाडून घेतली, खुर्च्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली, 'बनावट फोन कसे ओळखावेत'. चहा आहे असंही खाली लिहिलं, म्हणून गर्दी चांगली झाली. काकू तेवढ्या आल्या नव्हत्या. हे व्याख्यान त्या घरी रोज ऐकत होत्या.

"हा चोर आधी तुम्हाला घाबरवतो," काका सांगत होते, "मग घाई करतो. आपण त्याला घरच्या माणसांबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. मुलगा आहे का विचारलं, तर सरळ नाही म्हणायचं. विषय संपला! माझा मुलगा शिकायला परदेशी गेला ना, तोही जाताना मला बजावून गेलाय. म्हणाला, बाबा, मी हॉस्पिटलमध्ये आहे असा कोणाचा फोन आला तर आधी ठेवून द्या."

आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी स्पीकर लावला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला.

"नमस्कार सर, विद्यार्थी आरोग्य विमा विभागातून बोलतेय," एका मुलीचा आवाज आला. "आपला मुलगा परदेशात शिकतोय ना? त्याचा हात मोडलाय, तो हॉस्पिटलमध्ये आहे. मला फक्त एक-दोन प्रश्न..."

काकांनी फोन पंजाने झाकला. "घाबरवलं," ते सभेला म्हणाले. "आता घाई करेल बघा."

"सर, जरा लवकर सांगाल का? ऑपरेशनची मंजुरी अडकलीय."

"केली घाई!" सोसायटीचे सेक्रेटरी खुर्चीतून अर्धे उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई," काका शांतपणे म्हणाले, "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. मला मुलगाच नाही."

"पण वडील म्हणून इथे तुमचंच नाव आहे."

"लिहिलं असेल कोणीतरी! मला मुलगा असता, तर त्याने आठवड्यातून एकदा फोन केला नसता? आई कशी आहे, बापाचा गुडघा कसा आहे, एका शब्दाने विचारलं नसतं? मुलगा म्हणे!"

हा भाग व्याख्यानाच्या टिपणात नव्हता. काकांनाही तो कुठून आला कळलं नाही. पण आवाज असा काही लागला, की पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा जास्त, आणि त्या गजरातच काकांनी फोन बंद केला.

आता खरं काय ते सांगून टाकतो. फोन अस्सल होता. काकांचे चिरंजीव ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून घसरले होते आणि त्यात उजवं मनगट आणि मोबाइल दोन्ही मोडले होते. डॉक्टर तयार होते. आज हाड बसवलं नाही तर ते वाकडंच जुळेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण जुनं दुखणं विम्यात बसत नाही. म्हणून हा हात पूर्वी कधी मोडला होता का, एवढंच त्या मुलीला नियमाप्रमाणे घरून विचारून घ्यायचं होतं. तिने बिचारीने काय समजायचं? 'वडील म्हणतात मुलगा नाही' अशी नोंद करून तिने प्रकरण संशयितांच्या गठ्ठ्यात टाकलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले.

इकडे चहा फिरत होता तोच पुन्हा अनोळखी नंबर. काकांनी कप खाली ठेवला आणि स्पीकर लावला.

"बाबा, मी बोलतोय!"

"आवाज बघा," काका कुजबुजले. "हल्ली मशीनमधून हुबेहूब काढतात."

"बाबा, तुम्ही मुलगा नाही म्हणून सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. तुलाही सांगतो. माझ्या मुलाने मला बजावून ठेवलंय."

"अहो, ते मीच बजावलं होतं!"

"याला तेही माहीत आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "टोळी मोठी दिसतेय."

काकांनी बाह्या सरसावल्या. "माझा मुलगा आहेस ना? मग सांग, माझा कुठला गुडघा दुखतो?"

पलीकडून जरा चाचरत आवाज आला, "डावा?"

"उजवा!" काका गरजले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. या वेळच्या टाळ्या थांबता थांबेनात. काकांनी मात्र, का कोण जाणे, तो गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

टाळ्या चालू असतानाच काकू जिना उतरून आल्या. हातात मोबाइल, डोळे लाल.

"अहो, राजाचा हात मोडलाय तिकडे, आणि तुम्ही त्याला गुडघा कुठला विचारत बसलात?"

"तुलाही फोन आला? कशावरून तोच होता?"

"मी विचारलं, जेवलास का. तर खेकसला माझ्यावर! म्हणाला, आई, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय मला, तू जेवणाचं काय घेऊन बसलीस! मशीन खेकसेल का असं आईवर?"

काका मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पण गुडघा चुकला त्याचा," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलात कधी त्याला? कधीमधी त्याचा फोन आला, की मस्त आहे म्हणता. आता लावा त्या विमावाल्यांना फोन. पोराचा हात वाकडा राहिला ना, तर बघा."

फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं आणि मग नशिबाने तीच मुलगी आली.

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्हाला मुलगा नाही."

"आहे हो ताई!"

"कधीपासून?"

"अहो, पहिल्यापासूनच आहे!"

"मघाशी तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. मागून टाळ्याही वाजल्या."

"ते व्याख्यान होतं माझं."

"म्हणजे हे तुम्ही लोकांना जमवून सांगता?" मुलीने जरा दम घेतला. "माफ करा, पण तुम्ही वडीलच बोलताय हे मी कशावरून मानायचं? हल्ली फसवणुकीचे फोन फार येतात. घाई तर सगळेच करतात."

ती मुलगी काकांच्याच व्याख्यानातला एक एक नियम पाळत होती. या संकटातही त्यांना तिचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही. शेवटी शेजाऱ्यांपैकी दोघांनी खात्री दिली तरी चालेल, असं ती म्हणाली. तशी सगळी खोली उभी राहिली. सेक्रेटरी सर्वांत पुढे होते.

"यांना मुलगा आहे. माझ्या गाडीची काच फोडून गेलाय. अजून भरून दिलेली नाही."

मग नर्सबाई पुढे झाल्या. "आहे हो बाई, गुणी पोर. लहानपणी याच जिन्यावरून पडला होता, तेव्हा मोडलेला हात मीच बांधला त्याचा."

फोनमधून टाइप करण्याचा आवाज येत होता, तो थांबला. "हात मोडला होता? कुठला हात?"

काकांनी डोळे मिटले. काकूंनी सेक्रेटरींची बाही घट्ट धरली. नर्सबाईंनी छताकडे पाहिलं, मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"डावा."

"नक्की?"

"मी बांधला, मला नाही का ठाऊक? भोकाड पसरत तो उजव्या हाताने बिस्कीट खात होता."

"आत्ताचा उजवा आहे. मग हरकत नाही," मुलगी म्हणाली. खोलीत जीव आला. "सर, मंजुरी देते. एवढंच, की तुमचं आधीचं बोलणं रद्द करायचं, तर ते रेकॉर्डिंग एकदा मुलाला ऐकवून त्याची काही तक्रार नाही ना, हे विचारावं लागतं. त्याला लाइनवर घेते."

"ऐकवायलाच हवं का?" काकांनी विचारलं.

"नियम आहे, सर."

रेकॉर्डिंग लागलं. मुलगा असता, तर त्याने आठवड्यातून एकदा फोन केला नसता? काका पाटीकडे बघत उभे राहिले. आई कशी आहे, बापाचा गुडघा कसा आहे. मुलगा म्हणे! मग रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या वाजल्या. खोलीतल्यांनी आपापले हात मागे घेतले.

"तुमची काही तक्रार?" मुलीने विचारलं.

"नाही," पलीकडून आवाज आला. आणि मग, "बाबा."

"बोल."

"उजवा गुडघा ना?"

"उजवा. जिना उतरताना जास्त दुखतो."

"दाखवलात कोणाला?"

"ताई खोळंबल्यात रे," काका कसेबसे म्हणाले. "त्यांचा वेळ जातोय."

"चालू द्या, सर," ती मुलगी म्हणाली. "मी थांबते."

ऑपरेशन त्याच दिवशी झालं आणि हाड सरळ बसलं. पाटी खाली उतरली, सायकली पुन्हा जागेवर आल्या.

त्या दिवसापासून चिरंजीव रोज फोन करतात. नवा मोबाइल डाव्या हाताने लावतात आणि नेमका काकांच्या बातम्यांच्या वेळी लावतात. गुडघा कसा आहे, डॉक्टर काय म्हणाले, शेक घेतलात का, जेवलात का. काकांनी सुरुवातीला सगळी उत्तरं कौतुकाने दिली. इमारतीत प्रत्येकाला थांबवून सांगितलीसुद्धा. पण रोज म्हणजे अगदी रोज. परवा मुख्य बातमी चालू असताना फोन आला, तेव्हा काका भडकले.

"अरे जेवलो, जेवलो! जगात काय काय चाललंय, आणि तू जेवणाचं काय घेऊन बसलास!"

काकूंनी आतून आवाज दिला, "राजा, काळजी करू नकोस रे. खरे बाबाच आहेत."