गच्चीवरची राष्ट्रसेवा

ब्याऐंशीच्या एप्रिलात रुपरावांनी ठरवलं, की देशाची अर्थव्यवस्था आता आपणच सावरायची. (दुसरं कुणी मनावर घेत नव्हतं.) झालं होतं असं, की ऑफिसात एका पाहुण्या साहेबांचं भाषण झालं. रॉकेलपायी देशाचं परकीय चलन बाहेर जातं, सावनेरचा कोळसाही एक दिवस संपणार, पण ऊन फुकट आहे आणि नागपुरात तर उतू जातं, असं साहेब म्हणाले. बाकीचे कारकून समोसे संपेपर्यंत थांबले. रुपराव मात्र पेटले, आणि आठवडाभरात सायकलच्या कॅरियरला सौर कुकर बांधून हुडकेश्वरच्या घरी हजर झाले.

"हे पेटी कायले आणली?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"पेटी नोहे वं, देशाचं भविष्य हाये! आत काळे डबे, वर काच, झाकणाले आरसा. दाळ-तांदूळ ठेव, ऊन शिजवते. स्टो बंद!"

"अन् ढग आले तं?"

"तू देशाच्या आड काहून येऊन राहिली?"

कुकर गच्चीवर गेला. आरशाचं तोंड रुपरावांनी रस्त्याकडे केलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला तो चमकताना दिसावा. "याले कोणीच जागचं हलवाचं नाही," असा हुकूम सोडून ते कचेरीत गेले. दुपारी एकला जेवायला आले, डबा उघडला, तर काय! वाफाळतं वरण, मोकळा भात! रुपरावांचे डोळे पाणावले. (वाफेनंही असेल.)

मग हे रोजचंच झालं. रुपराव रोज एक वाटी वरण जास्त ओरपू लागले आणि ऑफिसात रोज एक भाषण जास्त देऊ लागले. एका घराचं एवढं रॉकेल वाचतं, तर नागपूरचं किती, विदर्भाचं किती, असं करत देशापर्यंत पोचता पोचता त्यांचे दहा फुलस्केप भरले. तो अहवाल त्यांनी सौरऊर्जेच्या कचेरीला धाडला. उत्तर आलं : 'रविवारी आम्ही तिघे पाहण्यास येत आहोत. भोजन सौर कुकरमधलेच असावे.'

रविवारी सकाळी प्रेमिलाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "अवो, मले एक सांगाचं होतं..."

"मंग सांगजो!" रुपराव सतरंजी झटकत म्हणाले.

दाळ-तांदूळ गच्चीवर चढले. साडेनऊला साहेब मंडळी आली. बैठकीत रुपरावांनी दहाही फुलस्केप वाचून दाखवले. मधल्या दाराआड प्रेमिलाबाई स्टोकडे पाहत नुसत्या बसून होत्या. स्टो पेटवला असता तर त्याचा भर्र आवाज थेट बैठकीत ऐकू गेला असता.

बरोबर बाराला सगळे गच्चीवर गेले. रुपरावांनी जादूगाराच्या थाटात डबा उघडला.

कोमट पाण्यात तुरीची दाळ होती. दाणा न् दाणा मोजून घ्यावा अशी.

रुपरावांच्या हातातलं झाकण खाली पडलं. "महिनाभर... रोज..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

प्रेमिलाबाई पुढे आल्या. "साहेब, खरं सांगू का? पह्यल्या दिवशी बी दाळ अशीच निंघाली. पण आमच्या यांचा एवढा उत्साह, मले सांगवलंच नाही. म्या स्टोवर शिजवून यात नेऊन ठेवलं. मंग रोज तेच."

"म्हणजे रॉकेल...?" रुपरावांचा आवाज चिरकला.

"जास्तच लागलं. एक खेप शिजवाले, अन् तुमी घरी याच्या टायमाले वाफ निंघाली पाह्यजे म्हून परत गरम कराले. शेजारच्या यमुताईकडून बी मांगून आणलं."

रुपराव मटकन् पाण्याच्या टाकीवर बसले. गेला महिनाभर ते देशाला खड्ड्यात घालत होते, आणि तेही पोटभर जेवून!

मोठे साहेब मात्र कुकराभोवती फिरले. "रुपराव, आरशाचं तोंड पश्चिमेला का?"

"रस्ता तिकडे हाये ना."

"आणि सकाळी सूर्य कुठं असतो?"

रुपरावांनी वर पाहिलं. भर मे महिन्यात, सगळं नागपूर भाजून निघत असताना, सकाळभर आपल्याच उभ्या झाकणाच्या सावलीत बसलेली एकच वस्तू होती : सौर कुकर.

"मले वाटलंच होतं," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या. "पण हलवाची बंदी होती."

साहेबांनी बंदी उठवली. प्रेमिलाबाईंनी आरसा डोक्यावरच्या उन्हाला जुळेल असा कलता केला, आणि मग ऊन सरकेल तशी त्या पेटी सरकवत गेल्या. तिघे साहेब शेंगदाणे खात थांबले. अडीचला काचेवर घाम आला. साडेतीनला दाळ अशी शिजली, की बोटाने दाबली तर मऊ लोणी. मंडळी बोटं चाटत गेली. त्या दिवसापासून रुपरावांच्या घरचं रॉकेल खरोखरच वाचू लागलं.

पंधरा दिवसांनी सौरऊर्जेच्या कचेरीचं पत्र आलं. रुपरावांनी ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं. 'सौ. प्रेमिलाबाई यांनी परिसरातील महिलांना दर रविवारी प्रात्यक्षिक दाखवावे, ही विनंती.' इथवर आवाज खणखणीत होता. पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली आणि कागद खिशात घालायला गेले. प्रेमिलाबाईंनी तो काढून घेतला :

'श्री. रुपराव यांनी उपस्थित राहण्यास हरकत नाही. मात्र त्यांनी उन्हात उभे राहू नये. कुकरवर सावली पडते.'